कोलेस्टेरॉलची गोळी: शिबिरानंतरच्या ३६५ दिवसांचे काय?

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यावस्त्यांत आरोग्य शिबिरे लागतात. ६ डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात डॉक्टरांची टेबले मांडलेली असतात. रक्तदाब मोजला जातो, बोट टोचून साखर बघितली जाते, एखाद्या लॅबने हात दिला तर कोलेस्टेरॉलही तपासले जाते. रिपोर्ट येतो. डॉक्टर चिठ्ठीवर गोळी लिहून देतात. बॅनरसमोर फोटो निघतो आणि शिबिर संपते.

रुग्णाचा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू होतो. कारण ही गोळी पाच दिवसांची नाही. बहुतेकांना ती वर्षानुवर्षे, अनेकांना आयुष्यभर घ्यायची असते. शिबिर एका दिवसाचे आणि गोळी ३६५ दिवसांची. मधल्या ३६४ दिवसांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आम्ही आज चळवळीतल्या तरुणांपुढे ठेवत आहोत.

काही मित्र म्हणतील, अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आरक्षित जागांचा अनुशेष भरला जात नाही, आणि तुम्ही कोलेस्टेरॉल काय घेऊन बसलात? हा तर बंगल्यात राहणाऱ्यांचा, तूप-लोणी खाणाऱ्यांचा आजार! हा समज आधी खोडून काढला पाहिजे, कारण तो माणसे मारतो.

हा श्रीमंतांचा आजार नाही

कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येत नाही. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते. काहींच्या घराण्यातच ते जास्त असते. त्यामुळे अंगाने काटकुळा असलेला, दिवसभर पाट्या वाहणारा माणूसही त्यातून सुटत नाही. त्यात तंबाखू, विडी, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांची भर पडली की हृदयाचा झटका किंवा लकवा यांचा धोका कैक पटींनी वाढतो. भारतात २०१६ साली झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले. शिवाय आपल्या देशात हा झटका पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधी येतो. म्हणजे निवृत्तीच्या वयात नव्हे, तर ऐन कमावत्या वयात. ज्या घरात एकच कमावता आहे, पोरगी बारावीला आहे आणि खोलीभाडे थकलेले आहे, त्या घरात पन्नाशीच्या आत कर्ता माणूस गेला तर एका पिढीचे शिक्षण त्याच्याबरोबर जाते. याला सामाजिक प्रश्न म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आता उपायाकडे बघा. जपानमधले शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७० च्या दशकात स्टॅटिन जातीचे पहिले औषध शोधले. यकृत ज्या विकराच्या मदतीने कोलेस्टेरॉल बनवते, त्यालाच हे औषध आवर घालते. १९८७ साली लोव्हास्टॅटिन अमेरिकेच्या बाजारात आले, पुढे ॲटोरव्हास्टॅटिन आले. आज ॲटोरव्हास्टॅटिन भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच स्टॅटिनला अत्यावश्यक औषध मानले. ज्याला एकदा झटका आला आहे, ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा ज्याला लकवा मारून गेला आहे, त्याला ही गोळी साधारणपणे द्यावीच असे वैद्यकशास्त्र सांगते. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींनाही ती सुचवली जाते.

आणि प्रत्यक्षात काय घडते? २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' या मोठ्या अभ्यासात भारतासह अनेक देशांतले रुग्ण तपासले गेले. हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत ६६.५ टक्के लोक स्टॅटिन घेत होते. त्या अभ्यासात भारत ज्या गटात मोडत होता त्या गरीब देशांच्या गटात हे प्रमाण होते ३.३ टक्के. हा आकडा नीट वाचा. इथे ज्यांना धोका 'संभवतो' त्यांची गोष्ट नाही. ज्यांना एकदा झटका येऊन गेला, त्यांच्यातल्या शंभरापैकी सत्त्याण्णव जणांपर्यंत ही गोळी पोहोचलेली नव्हती.

गोळी स्वस्त, मग रुग्णाला महाग का?

गोळी बनवणे अवघड नाही आणि महागही नाही. ते अवघड राहू नये यासाठी या देशाने कधीकाळी जाणीवपूर्वक कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिशांचा १९११ चा पेटंट कायदा चालू होता आणि औषधांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत गणल्या जात. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून १९७० चा पेटंट कायदा आला. त्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर दिले. म्हणूनच अमेरिकेत लिपिटॉर या ब्रँडची मक्तेदारी नोव्हेंबर २०११ पर्यंत टिकली, पण भारतीय कंपन्या त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून हीच गोळी इथे बनवून विकत होत्या. २००५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे पदार्थावरचे पेटंट परत आले, तेव्हा कायद्यात कलम ३(ड) घातले गेले. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवण्याची वाट त्याने अडवली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस खटल्यात ते कलम उचलून धरले.

म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनपुरती पेटंटची लढाई आपण जिंकलेली आहे. हरतो आहोत ती ब्रँडची लढाई. आपल्या देशात पेटंट संपलेले एकच औषध असंख्य कंपन्या असंख्य नावांनी विकतात. आतला पदार्थ तोच, मिलिग्रॅम तेवढेच, किंमत मात्र अनेक पटींनी वेगळी. इतर कोणत्याही वस्तूत गिऱ्हाईक दोन दुकाने फिरून स्वस्त ते घेतो. औषधात तसे नाही. इथे निवड करतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण, आणि दोघांच्या मध्ये उभा असतो कंपनीचा प्रतिनिधी. कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देऊ नयेत अशी संहिता २०१५ मध्ये आली, २०२४ मध्ये नव्याने आली. पण ती मोडणाऱ्याला तुरुंगाची भीती वाटावी असा कायदा अजून झालेला नाही.

यात आणखी एक गाठ आहे, ती कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी. कोलेस्टेरॉलची गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि अशा औषधांच्या बाबतीत १९४५ च्या औषध नियमावलीनुसार चिठ्ठीवर लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरी गोळी देण्याची मुभा मेडिकलवाल्याला नाही. त्यामुळे 'मेडिकलमध्ये जाऊन स्वस्तातली मागा' हा सल्ला अर्धवट आहे. किल्ली डॉक्टरच्या पेनात आहे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असेल तरच रुग्णाला निवड उरते. मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो ठळक मोठ्या अक्षरांत लिहावे असे आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते अधिक सक्तीचे करणारे नियम काढले. डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड केली आणि महिना संपायच्या आत ते नियम स्थगित झाले. सफाई कामगाराच्या ओरडण्याने एखादा नियम इतक्या लवकर थांबल्याचे कुणाला आठवते का?

किंमत नियंत्रणाचे नाटक

सरकार म्हणते, आम्ही अत्यावश्यक औषधांच्या किमती बांधून दिल्या आहेत. कशा बांधल्या ते बघा. १९९५ च्या आदेशात औषध बनवायला येणारा खर्च धरून किंमत ठरत असे. २०१३ च्या आदेशाने हा पाया बदलला. आता बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के लावायचे. म्हणजे महागड्या ब्रँडने जी किंमत स्वतः ठरवली, तीच कमाल किंमत ठरवायला वापरायची! चोरालाच तिजोरीचा हिशोब विचारण्यासारखे हे आहे. वर घाऊक महागाईनुसार वाढ वेगळी: एप्रिल २०२२ मध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त, एप्रिल २०२३ मध्ये बारा टक्क्यांहून जास्त. आणि यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवायला मोकळीक आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने मधुमेह आणि हृदयविकारावरच्या यादीबाहेरच्या १०८ औषधांना लगाम घातला होता. पण ज्या मार्गदर्शक सूचनांच्या आधारे तो घातला, त्या सप्टेंबरमध्ये मागे घ्याव्या लागल्या.

आता साधा हिशोब मांडू. गोळी दिवसाला दोन रुपयांना पडली असे धरा. वर्षाचे ७३० रुपये. तीच पंधरा रुपयांना पडली तर वर्षाचे ५,४७५ रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे पहिल्या गोळीसाठी अडीच दिवसांची मजुरी आणि दुसरीसाठी साडेअठरा दिवसांची. हा फक्त एका गोळीचा हिशोब. त्याच माणसाला रक्तदाबाची, साखरेची आणि रक्त पातळ करणारी गोळीही लागते. मग घरात काय होते ते आपण सगळे बघतो. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद केली जाते. नवरा-बायको दोघांना लिहून दिलेली असेल तर बायको स्वतःची बंद करते. कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. म्हणून पैशाची ओढाताण झाली की सगळ्यात आधी हीच गोळी कापली जाते.

झटका आला तर लाख, झटका टाळायला शून्य

महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारत आहे. पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, जागोजागी फलक. या योजनांतून अँजिओप्लास्टी होते, बायपास होते आणि त्याने माणसे वाचतात, हे आम्ही नाकारत नाही. पण या योजना खाटेवर दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये घरी आल्यावरच्या औषधांची सोय पंधरा दिवसांची. सोळाव्या दिवशी काय? हृदयात घातलेली स्टेंट सरकारी पैशाची, आणि ती तुंबू नये म्हणून लागणारी गोळी रुग्णाच्या खिशातून. झटका आला की रुग्णालयाला लाखभर रुपये द्यायला व्यवस्था तयार, आणि झटका टाळण्यासाठी रोजचे दोन रुपये द्यायला तिच्याकडे खाते नाही! कारण साधे आहे. ऑपरेशनमध्ये खासगी रुग्णालयाचे बिल आहे. गोळीत कुणाचेच बिल नाही.

सरकारी दवाखान्याचे काय? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. निर्णय चांगला आहे. पण मोफत या शब्दाचा अर्थ औषधाच्या खिडकीवर कळतो. 'स्टॉक नाही, बाहेरून आणा' असे उत्तर मिळाले की मोफत केसपेपरला काही अर्थ उरत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हा औषध तुटवड्याचा प्रश्न राज्यभर गाजला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे अपरिहार्य आहे का? नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. औषधे मूळ नावाने एकगठ्ठा खरेदी होतात, जिल्ह्याच्या गोदामात जातात, प्रत्येक दवाखान्याच्या पासबुकावर उचल नोंदते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने असे खरेदी प्राधिकरण करायला २०२३ साल उजाडू दिले.

'जेनेरिक चालत नाही' या शंकेचे उत्तर

वस्तीत जनऔषधीचे नाव काढले की कुणीतरी म्हणतो, 'ती गोळी गुण देत नाही.' या शंकेची थट्टा करू नये. ज्यांना पिढ्यानपिढ्या उष्टे, जुने आणि दुय्यम तेच देण्यात आले, त्यांना 'गरिबांसाठी स्वस्त' या शब्दांचा वास येणारच. पण वस्तुस्थिती ही की भारतातल्या ब्रँडच्या गोळ्याही बहुतांश जेनेरिकच आहेत. पेटंट संपलेले औषध, वर नाव छापलेले, एवढाच फरक. कितीतरी ब्रँड दुसऱ्याच कारखान्यात बनवून घेतलेले असतात.

दर्जाचा प्रश्न खरा आहे, पण तो स्वस्त आणि महाग यांच्यातला नाही. तो तपासलेले आणि न तपासलेले यांच्यातला आहे. खाली विरघळायला अवघड अशा औषधांच्या बाबतीत गोळी रक्तात तितकीच उतरते का, याची चाचणी एप्रिल २०१७ पासून नव्या परवान्यांसाठी सक्तीची झाली. मग आपली मागणी काय असावी? अन्न व औषध प्रशासनाने सरकारी दवाखान्यातल्या, जनऔषधीच्या आणि ब्रँडच्या गोळ्यांचे नमुने सारख्याच कडकपणे तपासावेत आणि निकाल बॅच क्रमांकासह मराठीत जाहीर करावेत. स्वस्त गोळीला नाक मुरडणे हा स्वाभिमान नव्हे. ती तपासून मागणे, हा स्वाभिमान.

बाबासाहेबांचा वारसा आणि आजचे काम

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने त्रस्त होते. शेवटच्या वर्षांत ढासळत्या प्रकृतीशी झगडत त्यांनी लेखन पूर्ण केले. पण आम्हाला इथे त्यांच्या आजारापेक्षा त्यांच्या कामाची आठवण करून द्यायची आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. त्या काळात, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी प्रा. बी. पी. अडारकर यांची नेमणूक झाली. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या कायद्यात फक्त ऑपरेशन नव्हते, दवाखान्यातून मिळणारे रोजचे औषधही होते. उपकार म्हणून नाही, वर्गणी भरलेल्या माणसाचा हक्क म्हणून. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरवले.

म्हणून आम्ही पाच कामे सुचवतो. यातले प्रत्येक काम एका तालुक्यातले दहा कार्यकर्ते करू शकतात.

पहिले, शिबिराची वही ठेवा. ज्याला गोळी सुरू झाली त्याचे नाव, औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. ही वही विहारात, जबाबदार माणसाच्या हाती आणि गुप्त राहू द्या. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विचारपूस करा. ज्याचा पाठपुरावा करता येणार नाही, ते शिबिर घेऊच नका.

दुसरे, आपल्या डॉक्टरांना जाहीर आवाहन करा. आरक्षणाच्या लढ्यातून जे डॉक्टर झाले, त्यांच्यासाठी 'पे बॅक टू सोसायटी'ची पहिली पायरी देणगीची पावती नाही. प्रत्येक चिठ्ठीवर मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहिणे, ही आहे. याला एक पैसा लागत नाही.

तिसरे, माहितीचा अधिकार वापरा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात गेल्या बारा महिन्यांत ॲटोरव्हास्टॅटिन किती आले, किती वाटले, किती दिवस साठा शून्य होता, हे लेखी मागा. उत्तर आले की ते ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत वाचून दाखवा.

चौथे, कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कारखान्यातले हंगामी मजूर यांची ईएसआय नोंदणी तपासा. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. पगारातून कापून घेतलेले पैसे ठेकेदाराने भरले नसतील, तर ती औषधाची चोरी आहे. तक्रार करा, संघटना करा.

पाचवे, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला, तो निळ्या झेंड्याचा असला तरी, तीन मागण्यांवर लेखी उत्तर मागा: योजनांमध्ये रोजच्या औषधांचा समावेश, किंमत पुन्हा उत्पादन खर्चावर ठरवणे, आणि राजस्थानने २०२३ मध्ये केला तसा आरोग्य हक्काचा कायदा महाराष्ट्रात. किंमत बांधता येत नाही असे कुणी सांगू लागला, तर त्याला फेब्रुवारी २०१७ ची आठवण द्या. तेव्हा औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. बाजार कोसळला नाही.

एक सूचना कार्यकर्त्यांनाच. आपण डॉक्टर नाही. ही गोळी कुणाला द्यायची, किती मिलिग्रॅमची, हे डॉक्टरच ठरवतील. गरोदरपणात ती साधारणपणे टाळतात. कुणाचे स्नायू फार दुखू लागले, लघवीचा रंग गडद झाला, तर लगेच दाखवायला हवे. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये. तो नॉर्मल गोळीमुळेच आलेला असतो. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही, हेही वस्तीत सांगितले पाहिजे. औषध मिळवून देणे आपले काम, औषध ठरवणे नव्हे.

चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्यायले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे. सार्वजनिक म्हटलेल्या वस्तूवर सर्वांचा हक्क आहे, हे सिद्ध करण्यासाठी. सरकारी दवाखान्याची औषधाची खिडकीही सार्वजनिकच आहे. तिच्यासमोर 'संपलं, उद्या या' ऐकून मुकाट्याने परत फिरणारी रांग आणि लेखी नकार मागणारी रांग यांत जो फरक आहे, तोच चळवळीचा फरक आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीची बैठक बसेल, तेव्हा मंडपाच्या आणि डीजेच्या आधी हा विषय घ्या. वर्षभराच्या वहीसाठी दोन जणांची नावे ठरवा आणि माहिती अधिकाराचा पहिला अर्ज त्याच रात्री लिहा.

जय भीम!